मांजराचा लिटर बॉक्स : सोलापूरच्या घरांतले नेहमीचे प्रश्न

सोलापुरात मांजर काही नवं नाही. पेठांतल्या जुन्या घरांत, कापडाच्या मागांच्या शेडमध्ये, धान्याच्या दुकानांत मांजरं पूर्वीपासून आहेत. शी-शू करायला ती बाहेर जायची, परड्यातल्या मातीत उरकून यायची. त्याचा विचार घरच्यांना करावाच लागला नाही. आता जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या फ्लॅटमध्ये मांजर चोवीस तास घरात असतं. त्याला हवी ती माती आपणच आणून द्यायची असते. ती ज्या डब्यात घालायची तो लिटर बॉक्स, आणि आत घालायची माती, वाळू किंवा तत्सम काही म्हणजे लिटर. खालची उत्तरं इथला उन्हाळा आणि इथलं पाणी लक्षात घेऊन लिहिली आहेत.

मांजराला बॉक्स वापरायला शिकवावं लागतं का?

फारसं नाही. मऊ, भुसभुशीत जागा उकरायची, बसायचं आणि वर माती ओढायची, ही मांजराची उपजत सवय आहे. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की स्वतःहून उकरायला लागतं. आपण फक्त बॉक्स कुठं आहे ते त्याला सापडेल असं करायचं. नवं मांजर आणलं की पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, बॉक्स त्याच खोलीत. जेवण झाल्यावर आणि झोपेतून उठल्यावर अलगद उचलून बॉक्समध्ये सोडा. त्याचे पुढचे पाय धरून उकरून दाखवायला जाऊ नका, मांजराला ते आवडत नाही. आणि चुकून बाहेर केलं तर नाक घासणं, चापट मारणं हे पूर्णपणे बंद. त्यातून मांजर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते कपाटामागं जाऊन करतं.

बॉक्स केवढा घ्यावा?

नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट लांब. पूर्ण वाढलेल्या बोक्याला साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर लागतात. दुकानात ‘कॅट ट्रे’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा याहून लहान असतं. त्यापेक्षा भांड्यांच्या किंवा प्लास्टिकच्या दुकानातून कपडे ठेवायचा मोठा, आडवा डबा आणा. एका बाजूची भिंत खाली कापून आत जायला वाट करा आणि कापलेली कड सॅंडपेपरनं घासा, नाहीतर पोटाला खरचटेल. वाळू उडवणाऱ्या मांजराला उरलेल्या तीन उंच बाजू फार उपयोगी पडतात.

बांधकामाचं घमेलं पिल्लाला काही आठवडे चालतं. पुढे ते पुरत नाही, कारण मांजराला आत पूर्ण वळता यावं लागतं. पिल्लाला आणि सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला आत जायची कड पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा उंच नको.

मांजर बॉक्समध्ये असताना एकदा लांबून बघा. चारही पाय वाळूत टेकवून, एक-दोनदा गोल फिरून, उकरून बसलं तर सगळं ठीक. पुढचे दोन पाय कडेवर ठेवून अवघडून बसत असेल, किंवा झाल्याझाल्या न झाकता उडी मारून पळत असेल, तर बॉक्स लहान आहे, घाण आहे किंवा आतली वाळू त्याच्या पायांना आवडलेली नाही.

झाकणाचा बॉक्स चांगला की उघडा?

सोलापुरात उघडा. झाकणामुळं वास आपल्यापर्यंत कमी येतो, पण तो आत मांजराजवळच कोंडतो. एप्रिल-मे महिन्यांत तर त्या डब्यात हवाच राहत नाही. शिवाय झाकलेला बॉक्स साफ करायला आपण विसरतो.

किती बॉक्स लागतात?

जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. दोन मांजरांना तीन. तिन्ही एकाच कोपऱ्यात ओळीनं ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा. एक मांजर वाटेत ठाण मांडून बसलं की दुसऱ्याची तिन्ही दारं बंद. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. दुमजली घर असेल तर दोन्ही मजल्यांवर.

घरात बॉक्स कुठं ठेवायचा?

मांजराला तीन गोष्टी हव्या असतात: शांतता, दोन बाजूंनी निसटायची सोय, आणि जेवणापासून लांब जागा. खाण्या-पिण्याच्या भांड्यांशेजारी बॉक्स ठेवला तर मांजर दोन्हींपैकी एक सोडतं.

बहुतेक लोक बाथरूम निवडतात. आपल्या शहरात त्यात एक अडचण आहे. नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येतं, त्या दिवशी बाथरूममध्ये बॅरल, बादल्या, पाइप आणि माणसांची धावपळ असते, मोटार चालू असते, जमीन ओली असते. नेमकं तेव्हा मांजराला जायचं असलं तर ते दारात उभं राहतं आणि परत फिरतं. असं दोन-तीनदा झालं की ते दुसरी जागा शोधतं. बाथरूमच सोयीचं असेल तर पाण्याच्या दिवशी बॉक्स कुठं सरकवायचा ती जागा आधीच ठरवा आणि दर वेळी तीच ठेवा.

गॅलरी हिवाळ्यात छान. उन्हाळ्यात पश्चिमेच्या गॅलरीतली वाळू दुपारी इतकी तापते की मांजर पाय ठेवत नाही. पत्र्याच्या खोलीचंही तेच. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो तेव्हा बॉक्स घरातल्या सगळ्यांत थंड फरशीवर हवा, आणि ती जागा कुठली हे मांजर दुपारी कुठं पसरतं त्यावरून कळतं. त्या जागेजवळ ठेवा, पण अगदी तिथंच नको. झोपायची जागा ते घाण करत नाही.

पूर्व भागात ज्यांच्या घरालाच माग जोडलेले आहेत त्यांनी मागाच्या भिंतीपासून लांबची खोली निवडावी. आपल्याला खटखट ऐकू येईनाशी होते, मांजराला ती पायांतूनही जाणवते.

देवघर आणि स्वयंपाकघराजवळ नको, असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणणार. ते मान्य करायला काहीच हरकत नाही. जिना वळतो तिथला कोपरा, पलंगाशेजारची मोकळी पट्टी, अभ्यासाच्या टेबलाखालची जागा मांजराला सहसा पसंत पडते.

बाजारातलं कुठलं लिटर घ्यावं?

गोळा धरणारं बेंटोनाइट, तेही बारीक दाण्याचं आणि बिनवासाचं. बहुतेक मांजरांना तेच आवडतं, कारण पायाखाली ते वाळूसारखं लागतं. बेंटोनाइट ही एक प्रकारची माती. आपल्याकडं ती गुजरातेत कच्छमध्ये आणि राजस्थानात निघते. पाणी लागलं की फुगून चिकटते, त्यामुळं शूचा घट्ट गोळा होतो आणि तो तेवढाच उचलून टाकता येतो, बाकीचं कोरडं राहतं. पाणी वाचवायचं असेल त्या घरात ही मोठी सोय आहे.

लॅव्हेंडर, लिंबू असल्या वासाचं लिटर माणसाच्या नाकासाठी असतं. मांजर त्यानं बिचकतं.

लाकडाच्या गोळ्या ओल्या झाल्या की भुसा होतो. स्वस्त आणि हलक्या, पण वाळूवर वाढलेल्या मांजराच्या पायांना त्या टोचतात. सोयाबीनच्या चोथ्याचं ‘टोफू’ लिटर धूळ करत नाही, महाग पडतं, आणि पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर बुरशी धरते. सिलिकाचे खडे ओल शोषतात, वास धरतात, शी मात्र वरचेवर उचलावीच लागते.

दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला गोळा धरणारं लिटर देऊ नका. पिल्लं सगळं तोंडात घालतात आणि ते पोटात जाऊन फुगू शकतं. तोवर लाकडाच्या गोळ्या किंवा कागदाचे कपटे.

शेतातली काळी माती, वाळू, भुसा, राख यातलं काही चालतं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो अगदी रास्त आहे. दर महिन्याला लिटरवर खर्च करणं सगळ्यांना जमत नाही.

काळी माती आधी घेऊ, कारण तिच्यात एक गंमत आहे. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. आपल्या काळ्या रानात जी फुगणारी माती आहे तीही याच गटातली. म्हणूनच मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तेच रान फुगून चिकटतं. म्हणजे कल्पना चुकीची नाही. पण रानातल्या मातीत ढेकळं, मुळं, काडीकचरा असतो. ओली झाली की ती नीट गोळा न होता पंजाच्या गादीला आणि बोटांमधल्या केसांना लिंपते, आणि मग पावलं घरभर. शिवाय त्या मातीत बाहेरच्या मांजरा-कुत्र्यांची शी, जंतांची अंडी असू शकतात. घरातल्या लसीकरण झालेल्या मांजराला ती आणून देऊ नये.

नदीची वाळू चालते. बारीक चाळणीनं चाळा, स्वच्छ धुवा, गच्चीवर पातळ पसरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. ती शू शोषत नाही, खाली जाऊ देते, म्हणून बॉक्सच्या तळाशी वर्तमानपत्राचा जाड थर घाला आणि तो रोज बदला. क्रश सॅंड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नको, ती टोकदार असते आणि धूळ फार. बांधकामावरचा वाळूचा ढीग म्हणजे गल्लीतल्या सगळ्या मांजरांचा लिटर बॉक्स, तिथून उचलून आणू नका.

वखारीतला लाकडाचा भुसा स्वस्तात मिळतो. रंधा मारताना निघणारे मोठे काप घ्या. पिठासारखा भुसा नाकात जातो, मांजर शिंकतं. रंग, पॉलिश किंवा वाळवीचं औषध लागलेल्या लाकडाचा नको, एवढं विचारून घ्या.

राख नको. ओली झाली की ती क्षारासारखी झोंबते आणि मांजर पंजे चाटतं.

घरगुती पर्यायांचा विचार माणसानं पूर्वीपासून केला आहे. अमेरिकेतही लोक मांजराला वाळू आणि राखच घालत. १९४७ मध्ये एड लो नावाच्या माणसानं शेजारणीला राखेऐवजी तेल-पाणी शोषणारी माती दिली आणि तिथून लिटरचा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपली मुलतानी मातीच, त्याच जातीची.

थर किती जाड?

पाच ते सात सेंटीमीटर. कमी घातला तर गोळा तळाला चिकटतो आणि खरवडताना फुटतो.

दिवसातून किती वेळा साफ करायचं?

दोनदा. सकाळी आणि रात्री. एकदा तरी न चुकता. मी या एका कामावर सगळ्यांत जास्त भर देईन. महागडं लिटर घालून दोन दिवस न बघणाऱ्या घरापेक्षा साधी वाळू घालून रोज दोनदा उचलणाऱ्या घरातलं मांजर सुखी असतं.

स्वयंपाकघरातला जुना झारा याला उत्तम, फक्त त्यावर रंगाची खूण करून तो कायमचा वेगळा ठेवा. कडेनं खाली घालून गोळा अख्खा उचला, मधून खुपसू नका. झारा हलकेच हलवला की कोरडं लिटर खाली पडतं. मग तळ एकदा सारखा करा, जेवढं काढलं तेवढं ताजं वर घाला.

उचलताना मोजा. मोठं मांजर दिवसात साधारण दोन ते चार वेळा शू करतं आणि एकदा शी. गोळे अचानक मोठे आणि जास्त झाले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो, लहान-लहान झाले तर मूत्रमार्गाचा. शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखं काही हललं तर जंत. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि रोज झारा धरणाऱ्यालाच त्याचं उत्तर येतं.

पाणी कमी असताना बॉक्स धुवायचा कसा?

गोळा धरणारं लिटर असेल तर महिन्यातून एकदा, वाळू किंवा भुसा असेल तर दर आठवड्याला पूर्ण रिकामा करून धुवायचा. पाण्याच्या आदल्या दिवशी धुवा, म्हणजे साठवलेलं जुनं पाणी तसंही ओतायचंच असतं ते कामी येतं.

आधी सगळं कोरडं काढा. तळाला चिकटलेलं खरवडून वर्तमानपत्रानं पुसा. इथंच निम्मं काम होतं. मग एक तांब्या पाण्यात भांड्यांचा साबण घेऊन घासणीनं घासा. आणखी दोन-तीन तांब्यांत खळबळून टाका. साबणाचा वास राहता कामा नये. नंतर ऊन. आपल्याकडं त्याची कमतरता नाही. तासभर उलटा-सुलटा ठेवा, पण दिवसभर विसरू नका, प्लास्टिकला चिरा पडतात आणि चिरांत शूचा वास कायमचा बसतो. नखांनी फार ओरखडलेला बॉक्स वर्षभरानं बदलून टाका.

फिनेल टाकलं तर चालेल का? वासासाठी डांबर गोळ्या?

दोन्ही नाही. फिनेलसारख्या जंतुनाशकांतली फिनॉल जातीची द्रव्यं मांजराचं यकृत नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. मांजर त्यावर चालतं, पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. सोपी खूण अशी की पाण्यात टाकल्यावर जे दुधासारखं पांढरं होतं ते मांजराच्या वाटेत वापरायचं नाही. डांबर गोळी तर चाटली तरी घातक. ब्लीचिंगचं द्रावण शूवर ओतू नका, शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. साबण, पाणी, ऊन पुरतं. वासाला थोडा खाण्याचा सोडा तळाशी भुरभुरा.

उन्हाळ्यात वास एवढा का वाढतो?

मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. त्यांची मूत्रपिंडं पाणी राखून शू दाट करण्यात तरबेज आहेत. उन्हाळ्यात ती आणखी दाट होते, आणि उष्णतेत जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया झपाट्यानं करतात. उपाय दोन: बॉक्स लवकर-लवकर उचला, आणि मांजराच्या पोटात पाणी घाला. दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी ठेवा, दिवसातून दोनदा बदला. कोरड्या खाण्यात कोमट पाणी घाला, किंवा बिनमीठ-मसाल्याचं शिजवलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट द्या. त्यात कांदा-लसूण अजिबात नको. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या शूचा उग्र वास मात्र यानं जात नाही.

काढलेली घाण कुठं टाकायची?

वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत बांधून, डायपर जसं वेगळं देता तसं घंटागाडीत वेगळं द्या. संडासात टाकू नका. बेंटोनाइट पाइपात फुगून बसतं आणि ते काढायला पाणीही लागतं, माणूसही. उघड्या गटारीत नको. कुंड्यांना, तुळशीला, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला खत म्हणून तर नकोच, कारण पुढच्या उत्तरात आहे.

घरात सून गरोदर आहे. मांजर सोडून द्यावं लागेल का?

नाही. हे शांतपणे वाचा आणि घरच्यांना वाचून दाखवा, कारण या एका भीतीपायी कितीतरी पाळलेली मांजरं पोत्यात घालून बाजारात नेऊन सोडली जातात.

भीती आहे ती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण मांजराच्या शीतून तो सहसा मांजराला पहिली लागण झाल्यानंतरचे एक-दोन आठवडेच बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर लगेच लागण करू शकत नाही. त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोज उचललेली शी आणि आठवडाभर राहिलेली शी यात मोठा फरक आहे. घरातच राहणारं, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणारं, उंदीर-पक्षी न मारणारं मांजर असेल तर शक्यता आणखी कमी.

करायचं एवढंच: नऊ महिने बॉक्स दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा, रोज. कुणीच नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुवून. मांजराला कच्चं मांस नाही. आणि अर्धवट शिजलेलं मटण, न धुतलेली पालेभाजी, बागेतली माती यांतूनही ही लागण होते, तिकडंही तेवढंच लक्ष. बाकी बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारा. हवी असेल तर रक्ततपासणी होते.

मांजर बॉक्स सोडून गादीवर, चादरीवर शू करतंय. रागानं करतं का?

रागानं नाही, सूड म्हणूनही नाही. अडचण असल्याशिवाय मांजर आपली जागा सोडत नाही. आधी डॉक्टरांकडून मूत्रमार्गाची तपासणी. बॉक्समध्ये शू करताना दुखलं की मांजर दोष बॉक्सला देतं आणि मऊ जागा शोधतं. सुती चादर त्याला सापडते. तब्येत ठीक असेल तर गेल्या पंधरवड्यात काय बदललं ते आठवा: लिटर, जागा, पाहुणे, नवं मांजर, घराचं रंगकाम. लिटर बदलायचं तर जुन्यात थोडं-थोडं नवं मिसळत आठवडाभर घ्या. बॉक्स हलवायचा तर रोज हातभर.

चादर आधी थंड पाण्यात, मग पाण्यात व्हिनेगर घालून भिजवा, मग साबण. गादीला एन्झाइमचं क्लिनर लागतं, कारण शूमधले यूरिक आम्लाचे कण साध्या धुण्यानं जात नाहीत. पहिल्या पावसाची ओल लागली की वास परत येतो आणि मांजरही परत तिथंच येतं.

बोका उभ्यानं भिंतीवर फवारे मारतो.

तो हद्द आखतोय. पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर नसबंदी करून घ्या. बहुतेक बोके थांबतात. बॉक्सशी याचा संबंध थोडा.

बोका सारखा बॉक्समध्ये जाऊन बसतो, ओरडतो, पण काहीच होत नाही. बद्धकोष्ठ असेल का?

आधी शू अडल्याचाच संशय घ्या. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकला की शू पूर्ण बंद होते. सारखं जाऊन जोर करणं, थेंब-थेंब किंवा लालसर शू, खाली सारखं चाटणं, पोटाला हात लावू न देणं, मग उलटी आणि मलूलपणा. एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळची वाट बघू नका, एरंडेल देऊ नका. माणसाची वेदनाशामक गोळी अजिबात नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारते.

गाई-म्हशी बघणारे डॉक्टर आपल्याकडं पुष्कळ आहेत, पण बोक्याला कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून शू मोकळी करणारे कोण आणि रात्री कोण येतं हे आजच विचारून नंबर फ्रीजवर चिकटवा.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत, दिवाळीत मांजर बॉक्सकडे फिरकत नाही.

होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम आसपासच्या पेठांत घराच्या आत घुमतं. मांजर माळ्यावर किंवा कपाटात जाऊन बसतं आणि शू धरून ठेवतं. त्या संध्याकाळी ते जिथं लपतं त्याच खोलीत जास्तीचा बॉक्स आणि पाणी ठेवा, खिडक्या लावा, ओढून बाहेर काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळीही बॉक्स कोरडाच असेल तर डॉक्टरांना फोन.

दोन दिवस गावाला जायचंय. जास्त लिटर घालून गेलं तर चालेल?

एक रात्र चालते, तीही दोन बॉक्स आणि भरपूर पाणी ठेवून. त्यापुढे शेजाऱ्यांकडं किल्ली द्या. दिवसातून एकदा येऊन झाऱ्यानं गोळे काढायचे, पाणी बदलायचं आणि किती गोळे निघाले ते फोनवर सांगायचं. दहा मिनिटांचं काम आहे. बोका असेल तर डॉक्टरांचा नंबर त्यांनाही देऊन जा.